मधल्या खोलीतली गाठ

बाराला दहा कमी असताना सुनीतीने हातमोजे काढले. तिथपर्यंत सगळं रीतसर झालं होतं. उजव्या हाताच्या चिमटीत डाव्या मोज्याची कड बाहेरून धरायची, मोजा उलटा सोलत आणायचा, उजव्या मुठीत गोळा करायचा. मग डाव्या हाताचं उघडं बोट उजव्या मोज्याच्या आत, कातडीला लगटून घालायचं, आणि दुसराही पहिल्याला पोटात घेऊन उलटा. मोज्याची बाहेरची बाजू उघड्या हाताला एकदाही लागता कामा नये. लागली नाही. तो गोळा तिने झाकणाच्या बादलीत टाकला, कोपराने नळ उघडला आणि मनगटापर्यंत हात धुतले. नखं, बोटांची बेचकी, अंगठ्याचं मूळ, काही सोडलं नाही. मग ओले हात खांद्याइतके वर धरून ती पाठमोरी उभी राहिली आणि सवयीने म्हणाली, "मंदाबाई, सोडा."

पण गाऊनच्या नाड्या सोडणाऱ्या आया मंदाबाई नव्हत्या. सकाळपासूनच नव्हत्या. हे तिला माहीत होतं, आणि तरी चार तासांच्या कामाच्या रगाड्यात ते डोक्यातून पार गेलं होतं.

चौऱ्याण्णव सालचा ऑक्टोबर लागला होता. सुरतेहून यंत्रमागांवरचे लूमवाले ट्रक भरभरून भिवंडीत उतरत होते आणि त्यांच्या मागोमाग 'सुरतेचा ताप' आल्याची बोलवा होती. प्लेग हा शब्द कोणी मोठ्याने उच्चारत नव्हतं. बंद पडलेल्या एका धर्मादाय दवाखान्याच्या मागच्या हॉलमध्ये तात्पुरता वॉर्ड उघडला होता. आठ खाटा, चार संशयित, आणि ज्यांच्या रिपोर्टांची वाट बघत सगळे बसलेत अशा, तपासणीचे नमुने लावलेल्या चार काचेच्या पट्ट्या. दोन जुन्या सिस्टर नेमक्या त्याच आठवड्यात आजारी रजेवर गेल्या. राहिली सुनीती. बी.एस्सी. करून मग नर्सिंगला आलेली, म्हणून सगळे तिला 'कॉलेजवाली सिस्टर' म्हणत. टेंपररी होती. कायम होण्याची ऑर्डर दोन महिन्यांवर आली होती. नाही म्हणायची सोय नव्हती.

आणि घरी पाच महिन्यांचं मूल होतं. निहार नाव ठेवलेलं, पण आजी लडकूच म्हणायची. बाटली तोंडात घातली की जिभेने बाहेर ढकलायचा, वाटी-चमच्याने दिलं की गाल फुगवून फुर्र करायचा. त्याला आईच लागे. म्हणून रोज बारा वाजता सासूबाई, कमळाबाई, त्याला घेऊन मागच्या अंगणात येत. सुनीती गाऊन उतरवून, धुऊन-बिऊन बाहेर जाई, पंपाच्या खोलीत बसून पाजे आणि अर्ध्या तासात परत. दहा दिवस हे बिनबोभाट चाललं होतं.

डॉक्टरांनी सगळ्या स्टाफला लागण होऊ नये म्हणून कॅप्सूल चालू केल्या होत्या, तिला सोडून. "अंगावर पाजताय ना? मग या नकोत तुम्हाला. तुम्ही गाऊन-मास्क नीट सांभाळा म्हणजे झालं." म्हणजे तिचं औषध काय, तर ते जाडंभरडं कापड. घालताना एक वेळ चुकलं तरी चालेल, काढताना चुकून चालायचं नाही, हे ती नर्सिंगच्या पुस्तकात शिकली होती आणि आता रात्रंदिवस त्याचाच जप करत होती. गाऊनची पुढची बाजू घाण. पाठ आणि पाठीवरच्या नाड्या स्वच्छ. आधी मोजे, मग हात, मग नाड्या, मग गाऊन आतली बाजू बाहेर करून उतरवायचा, पुन्हा हात, आणि मास्क सगळ्यात शेवटी, तोही मागच्या बंदांना धरून. माधव, तिचा नवरा, म्हणाला होता, "तू इतकी काटेकोर, तुझ्या हातून काय चुकणार?" त्या बोलण्याने धीर यायच्या ऐवजी छातीवर दगड ठेवल्यासारखंच वाटलं होतं तिला.

मधली खोली म्हणजे वॉर्ड आणि अंगण यांच्यामधला, दोन खाटांएवढा बोळ. एका टोकाला वॉर्डचं जाळीचं दार. दुसऱ्या टोकाला अंगणाचं लाकडी दार, त्याला बाहेरून कडी, आणि डोळ्याच्या उंचीवर ताटलीएवढी काच. आत एक नळ, दोन बादल्या, एक उंचावरचा झरोका, आणि भिंतीवर पुठ्ठा. पुठ्ठ्यावरचं अक्षर सुनीतीचंच होतं. गाऊन काढण्याच्या सगळ्या पायऱ्या तिने ठळक लिहिल्या होत्या, आणि सगळ्यात खाली, लाल शाईने: 'गाऊन उतरवलेला काचेतून दिसल्याशिवाय बाहेरची कडी काढू नये. कोणासाठीही.'

ते वाक्य तिनेच सुचवलं होतं. आठ दिवसांपूर्वी वॉर्डातला एक पेशंट खुंटीवरचा गाऊन चढवून, मास्क बांधून, "डॉक्टर है" म्हणत दारातून चालता झाला होता. कोंडू वॉचमनने सलाम ठोकून कडी काढली होती. त्यावरून कोंडूची नोकरी जायचीच बाकी होती. तेव्हापासून कोंडूला ते लाल वाक्य तोंडपाठ होतं, आणि देव आला तरी तो त्याच्या बाहेर जायचा नाही.

सुनीतीने हात मागे नेले. मंदाबाई नेहमी सुरगाठ मारत. एक टोक ओढलं की फुलासारखी सुटायची. तिने कंबरेवरच्या नाडीचं टोक चाचपलं आणि ओढलं.

गाठ सुटली नाही. उलट आवळली.

दुसरं टोक ओढलं. आणखी आवळली.

मग तिला सकाळ आठवली. मंदाबाईंची वाट बघून बघून शेवटी रात्रपाळीच्या द्रौपदीबाईंनी गाऊन बांधून दिला होता. द्रौपदीबाईंना आयाच्या कामावर लागून महिना झाला नव्हता. त्याआधी वीस वर्षं त्या लूमच्या कारखान्यात कांडीवर, सूत भरायला, बसल्या होत्या. सूत तुटलं की जोड, तुटलं की जोड, दिवसाला शे-दोनशे गाठी.

"द्रौपदीबाई, सुरगाठ हं," सुनीती म्हणाली होती.

"गाठच मारली ग बाय. माझी गाठ कंदी निसटली न्हाय. निसटली का जॉबर, आमचा मुकादम, आईबहीन काढायचा." आणि पाठीवर थोपटून, नऊच्या गाडीने त्या खारबावला घरी गेल्या होत्या.

गाठ म्हणजे न सुटणारी. द्रौपदीबाईंच्या दुनियेत गाठीला दुसरा अर्थच नव्हता.

सुनीतीने पुन्हा दोन्ही हात मागे घेतले आणि गाठीत नखं रुतवायला बघितली. नखं मुळापासून कापलेली. नाडी घामाने भिजून वातीसारखी घट्ट झालेली. गाठ चण्याएवढी. मानेवरचीही तशीच. तिने दोनदा, तीनदा, दहादा बोटं फिरवली. बोटांची टोकं बधिर झाली.

बाहेर अंगणात चपला वाजल्या आणि पाठोपाठ तो आवाज आला. आधी कुरकूर. मग ओळखीचा, वर चढत जाणारा टाहो.

"आलो रं माज्या राजा, आलो. आता आय येल." कमळाबाईंचा आवाज. "कोंडू, सांग तिला. पोरानं रस्ताभर आकाशपाताळ एक केलंय."

सुनीतीच्या छातीत कळ आली. गाऊनच्या आत, ब्लाउज ओला व्हायला लागलेला तिला कळला. पोर रडतं आहे एवढं कानाला कळायचा अवकाश, अंगाला विचारावं लागत नाही.

ती काचेशी गेली. हात खाली करायचा नाही, दाराला पुढची बाजू लावायची नाही. एक वीत अंतर ठेवून म्हणाली, "कोंडू, गाऊनची गाठ बसलीय. सुटत नाही. डॉक्टर आलेत का?"

काचेत कोंडूचा अर्धा चेहरा आला. "डाक्टर ठान्याला मिटिंगला. संध्याकाळच्याला येतील."

"मंदाबाई?"

"मंदा कसली येतेय! काल राती पोराबाळांना घेऊन गेली वज्रेश्वरीला भैनीकडं. ताप येनार म्हून."

"मग कोणीतरी लागेल मला. नुसती मागून गाठ सोडायची आहे. पाठ स्वच्छ असते कोंडू, काही होत नाही."

"सिष्टर, मी आत येऊ?" कोंडू कडीपासून मागे सरकला. "कडी काढायची न्हाय. तुमीच लिवलंय. गाऊन काढलेला दिसला पायजे."

"गाऊन काढायलाच तर माणूस हवंय ना!"

"आनि मानूस आत सोडायला गाऊन काढलेला पायजे." कोंडूने हे खोडसाळपणाने म्हटलं नव्हतं. बिचारा खरोखरच विचार करत होता. "येडाच झोल झाला हा."

सुनीतीने भिंतीकडे मान वळवली. ती लाल अक्षरं तिच्या डाव्या खांद्याशी होती. किती सुबक काढली होती.

डोक्यावरून ओढून काढावा का? शर्टासारखा. दोन सेकंदांचं काम. मान खाली घालायची, मागून गळा धरायचा आणि ओढायचं. तिने गळ्यामागे हात नेलाही. आणि मग तिला पुढची बाजू दिसली. सकाळी रामनाथ या पेशंटला ढास लागली तेव्हा ती त्याला बसतं करत होती. छातीवर तपकिरी शिंतोडे अजून दिसत होते. तीच छाती नाकावरून, तोंडावरून, पापण्यांवरून घासत जाणार. आणि मास्क गाऊनबरोबर वर ओढला जाणार. मग हेच तोंड लडकूच्या टाळूवर टेकणार. तिने हात सोडला.

"ब्लेड देऊ का सिष्टर? दाढीचं हाय माज्याकं. दाराखालून सरकवतो."

ब्लेड. उघड्या बोटांत पातं धरून, न बघता, स्वतःच्या मानेमागे. एक जरी ओरखडा उठला तरी कातडी उघडी. "नको. कात्री मिळेल? शेजारच्या टेलरकडून?"

"टेलर बंद. आख्खा बाजार बंद. कुत्रं न्हाय रस्त्यावर."

वॉर्डात कात्री होती. ड्रेसिंगच्या ट्रेमध्ये. त्याच ट्रेमध्ये, ज्यातले बोळे घेऊन ती रामनाथच्या जांघेतली गाठ पुसत होती. त्या कात्रीला आता धुतलेला हात लावायचा म्हणजे सगळं पुन्हा पहिल्यापासून.

"काय झालंय काय?" कमळाबाई दाराशी आल्या. पूर्णा गावच्या बाई, उन्हातान्हात शेत केलेल्या, दाराशी थांबून बोलायची त्यांना सवय नव्हती. "गाठ? गाठीपायी येवढं? सर रं कोंडू. मी सोडते."

"मावशी, कडी काढायची न्हाय."

"आरं, माजी सून हाय आत, वाघ न्हाय."

"आई," सुनीती आतून म्हणाली, "तुम्ही लांब व्हा. बाळाला घेऊन लांब जा."

"लांब जा? चार घास पन न खाता आणलंय त्याला. बघ, रडून रडून काळानिळा झालाय." आणि त्यांनी लडकूला काचेसमोर धरलं.

धरायला नको होतं. काचेत त्याचं तोंड आलं, जावळ घामाने चिकटलेलं, डोळे मिटलेले, ओठ थरथरणारे. त्याने डोळे उघडले. समोर पांढरा मास्क, कपाळापर्यंत टोपी, दोन डोळे. ओळखलं नाही. आणखीनच भेदरून किंचाळला.

"सुनीते, दार उघड."

"माझ्या हातात नाही आई!"

"मग माज्या हातात हाय." कडी खणाणली. कोंडूचा ओरडा, "मावशी! ओ मावशी! माजी नोकरी जाईल!" आणि कमळाबाईंचा, "घाल चुलीत नोकरी!" दाराची फळी आत सरकली. चार बोटं फट पडली. फटीतून ऊन आलं, पदराचा काठ आला, आणि एक लहानगा, बोटं आवळलेला पाय.

पुढे काय झालं ते सुनीतीच्या लक्षात नंतरही नीट राहिलं नाही. एवढंच आठवत होतं की तिने पाठ फिरवली, खांद्याने, ढुंगणाने, टाचेने, पाठीमागून त्या दारावर सगळं वजन टाकलं. पुढची बाजू नाही, पाठ. स्वच्छ बाजू. आणि कधी काढला नव्हता असा आवाज तिच्या तोंडून निघाला.

"त्याचा पाय घ्या बाहेर! आई, पाय घ्या! माझ्या अंगावर आजार आहे, कळतंय का तुम्हाला? तो आत आला तर मी त्याला हात लावणार नाही. कधीच लावणार नाही!"

बाहेर पोराचं रडणं दचकून थांबलं. पाय मागे गेला. दार मिटलं. पुढच्या क्षणी बाहेरून कडी बसली, ती कोंडूने बसवली.

सुनीती दाराला टेकून उभी राहिली. आपण आपल्या मुलावर दार लोटलं, हे एकच वाक्य डोक्यात गरगरत होतं. आणि त्याच्यामागून आणखी एक, त्याहून बारीक आणि वाईट: त्याच्या पायाला काही लागलं का? पाय किती आत आला होता? दाराच्या कडेला माझा पुढचा भाग कधी लागला होता का?

"सिस्टर."

आवाज वॉर्डच्या बाजूने आला. जाळीच्या दारापलीकडे रामनाथ यादव उभा होता, चादर पांघरून, चौकटीला धरून. आझमगढकडचा माणूस, सुरतेला अकरा वर्षं लूम चालवलेला. तापाने डोळे खोल गेले होते.

"खाट पे जाओ रामनाथ. उठना मना है."

"जाते हैं. लेकिन आप खींचिए मत. हम तब से देख रहे हैं, आप खींचे जा रही हैं. वो लूम की गाँठ है. खींचने के लिए ही बनी है, जितना खींचोगे उतना पकड़ेगी."

"कैसे पता?"

"पीठ हमारी तरफ थी ना आपकी. यहीं से पहचान ली." तो खोकला. सुनीतीने नकळत श्वास रोखला. "किसी कांडीवाली ने बाँधी होगी."

"तुम पीछे हटो पहले. तीन कदम."

तो खरंच तीन पावलं मागे गेला, मोजून. मग भिंतीला टेकला. तिथून बोलायचं तर त्याला आवाज चढवावा लागत होता आणि प्रत्येक वाक्यामागे धाप.

"घूम जाइए. उजाले की तरफ पीठ कीजिए. हाँ. अब हाथ पीछे. खींचना नहीं, सिर्फ टटोलना. गाँठ के एक तरफ दो पट्टी साथ-साथ मिलेंगी, सटी हुई. मिलीं?"

सुनीतीने बोटं फिरवली. तिला काहीच वेगळं लागेना. सगळं ओलं, सगळं कडक. बाहेर लडकूला पुन्हा आठवण झाली आणि तो रडायला लागला. तिचे हात घाई करायला लागले.

"जल्दी मत कीजिए. जल्दी में धागा टूटता है."

डावीकडे. डावीकडे दोन पट्ट्या होत्या, एकमेकींना चिकटून. तिने त्या अंगठा आणि बोटाच्या मध्ये पकडल्या. "मिलीं."

"पकड़े रहिए. दूसरी तरफ से एक अकेली पट्टी अंदर जा रही है. उसको गाँठ के अंदर ढकेलिए. बाहर नहीं, अंदर. गाँठ को उसका धागा वापस दीजिए."

उलटं. सगळंच उलटं. सोडवायचं तर ढकलायचं. तिने उजव्या हाताच्या चिमटीने ती एकटी पट्टी गाठीकडे रेटली. रेटली. काही झालं नाही. घाम मानेवरून ओघळत पाठीत उतरला.

"फिर से. थोड़ा-थोड़ा. बिल्ली को पुचकारते हैं ना, वैसे."

"तुम्हें खोलना आता है? तुम लोग तो काट देते होगे."

"मालिक का धागा कौन काटेगा?" तो हसला, आणि हसण्यातून ढास आली, चांगली मिनिटभर. सुनीती पाठमोरी उभी, चिमटीत पट्ट्या धरून, त्या खोकल्याचा प्रत्येक ठोका पाठीवर मोजत. मागे वळून त्याला बसवायला जायला हवं होतं. जाता येत नव्हतं. पुढे दार, तिथे जाता येत नव्हतं. मधे ती, स्वतःच्याच पाठीला हात बांधल्यासारखी.

"नया लड़का गलत रंग जोड़ दे," तो धाप टाकत म्हणाला, "तो खोलना पड़ता है. मेरे सिखाए तीस लड़के होंगे. आप से तेज कोई नहीं था, सच में."

"झूठ बोलते हो."

"थोड़ा."

आणि बोटांखाली काहीतरी हललं. तांदळाच्या कणीएवढं. पट्टी गाठीत शिरली, वेढा सैल झाला. तिने आणखी रेटलं. एक फास उमलला, बोट आत गेलं, आणि कंबरेवरची नाडी दोन्ही बाजूंना लोंबली.

रडूच आलं तिला, पण रडायचं तर मास्क भिजतो. ओला मास्क कामाचा नाही. तिने ते गिळलं.

"अब ऊपर वाली. वही तरीका. लेकिन उसमें दो पट्टी दाहिने मिलेंगी. उसने हाथ बदला होगा."

मानेवरची उजवीकडेच मिळाली. ती सुटायला कमी वेळ लागला.

"जाओ रामनाथ. लेट जाओ अब."

"जी." तो गेला. खाटेची कुरकूर ऐकू आली.

आता घाई करायचा मोह सगळ्यात मोठा होता. बाहेर पोर रडत होतं, वीस मिनिटं गेली होती, आणि गाऊन नुसता खांद्यांवर लोंबत होता. झटकला असता तर पडला असता. सुनीतीने पुठ्ठ्याकडे पाहिलं. स्वतःचंच अक्षर तिने पहिल्यांदा वाचल्यासारखं वाचलं. मागूनच, दोन्ही खांद्यांच्या आतल्या कापडाला धरून, गाऊन पुढे ओढला. बाही हातावरून उलटी सोलत आली, दुसरी आली. आतली बाजू बाहेर, घाण पोटात. अंगापासून लांब धरून, न झटकता गुंडाळला आणि कपड्यांच्या बादलीत सोडला. कोपराने नळ. हात. टोपी मागून. पुन्हा हात. मास्कचा खालचा बंद, मग वरचा, पुढच्या कापडाला न शिवता, आणि टाकला. पुन्हा हात, आणि तोंडही, साबणाने. मानेचा मागचा भाग, जिथे बोटं इतका वेळ झटत होती, तोही.

मग ती काचेसमोर आली आणि दोन्ही हात वर करून उभी राहिली, चोर पकडला गेल्यासारखी. कोंडूने बघितलं. चांगलं वरपासून खालपर्यंत बघितलं.

"हां. आता," तो म्हणाला आणि कडी काढली.

कमळाबाई अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला, पाण्याच्या टाकीजवळ बसल्या होत्या. त्यांनी पोराला पुढे केलं. सुनीतीने आधी त्याचे पाय बघितले. टाकीच्या नळाखाली, साबण लावून, दोन्ही पाय धुतले. तो गार पाण्याने शहारला.

"धुतलेत मी," कमळाबाई हळूच म्हणाल्या. "दोनदा."

पंपाच्या खोलीत तो छातीला लागला तेव्हा आधी नुसताच हुंदके देत राहिला. तोंड लावी, सोडी, मान वळवून तिच्याकडे बघे. मग लागला. गिळण्याचा आवाज, नाकातून सूं सूं. त्याची मूठ तिच्या ब्लाउजवर उघडझाप करत होती. सुनीती त्याच्याकडे बघत नव्हती. ती पायऱ्या मोजत होती. मोजे, हात, नाड्या. नाड्यांच्या वेळी मी दारावर पाठ टेकली होती, दार अंगणाच्या बाजूने सगळे हाताळतात, आतून कोण? मी. रोज मी. पण मी रोज धुतलेल्या हाताने. मग रामनाथ तीन पावलांवर. खोकताना त्याने तोंडावर चादर घेतली होती की नव्हती? मी पाठमोरी. माझी मान उघडी.

काहीच चुकलं नव्हतं. आणि चुकलं नाही असं छातीठोकपणे सांगायला त्या खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

"तुला वाईट वाटलं आसंल," कमळाबाई उंबऱ्याशी टेकत म्हणाल्या. "मी ढकलायला नको व्हतं. पन त्याचं रडनं बघवंना."

"आई," सुनीती म्हणाली. "उद्यापासून आणू नका त्याला."

"आं?"

"पूर्णेला घेऊन जा. आजच. हा वॉर्ड बंद होईस्तोवर मी पण घरी येणार नाही, इथेच पुढच्या खोलीत झोपेन. माधवना सांगा, डबा कोंडूकडे द्यायचा."

"त्याला वरचं दूध चालत न्हाय. म्हाईत हाय ना तुला? थुकतो."

"भूक लागल्यावर घेईल."

"आनि न्हाय घेतलं तर?"

"घेईल," ती पुन्हा म्हणाली. "गाईचं. निम्मं पाणी. उकळून. चमचा उकळून. तुमचे हात धुऊन."

"आनि तुजं? दूध आटलं मंग तुजं?"

लडकूचं तोंड सैल झालं होतं, ओठाच्या कोपऱ्यात दुधाचा थेंब. झोपला होता. झोपेत एकदा ओढल्यासारखं केलं आणि सोडलं. ती त्याला अलगद काढून देणार होती, पण दुसऱ्या बाजूला लावलं. उगाच, झोपलेल्याला. चार घोट घेतले त्याने, न जागता.

"सिष्टर," कोंडू बाहेरून म्हणाला, "साडेबारा वाजून गेलं. आत कोनीच न्हाय."

कमळाबाईंनी पोराला पदरात गुंडाळलं. जाताना वळून बघितलं नाही, आणि सुनीतीला बरं वाटलं, कारण बघितलं असतं तर तिने हाक मारली असती. ती दोघं फाटकाबाहेर जाईपर्यंत ती पंपाच्या खोलीतच थांबली. मग दाराबाहेरच्या खुंटीवरचा दुसरा, धुतलेला गाऊन घेऊन कोंडूला म्हणाली, "मागे ये. बांध. फूल जमतं का तुला?"

"बुटाचं बांधतो."

"तेच."

त्याने बांधलं. घाबरत घाबरत, बोटांच्या टोकांनी. तिने मागे हात नेऊन दोन्ही टोकं मिळतात ना ते तपासलं, टोपी-मास्क बांधून मोजे चढवले आणि आत गेली. मागे कडी बसली.

रामनाथ जागा होता. ताप चढला होता, कपाळ चमकत होतं.

"पी लिया बच्चे ने?"

"पी लिया."

"पेट भर के?"

"हाँ."

"कल भी इसी टाइम आएगा? तो मैं कल पहले से बता दूँगा, गाँठ देख के."

सुनीतीने थर्मामीटर झटकला, त्याच्या काखेत ठेवला, त्याचा हात छातीशी दाबून धरला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिली.